हर्निया: उघडं ऑपरेशन की दुर्बिणीचं?

जांघेतला हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर येऊन झालेला फुगवटा, गोळ्या-औषधांनी जात नाही. पट्ट्याने दबतो, बरा होत नाही. ऑपरेशन दोन तऱ्हेचं, कमकुवत जागेला आधार देणारी जाळी बहुधा दोन्हीत बसवतात. उघड्या पद्धतीत जांघेत साधारण 6-8 सेंटिमीटरचा छेद. कमरेत इंजेक्शन देऊन, कधी तेवढाच भाग बधिर करूनही भागतं. म्हणून छातीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या आजोबांसाठी मी हीच सुचवेन. दुर्बिणीत तीन बारीक छिद्रं, दुखणं कमी, कामावर लवकर परत. पण सहसा पूर्ण भूल लागते, खर्चही जास्त. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा उघड्या ऑपरेशननंतर पुन्हा आला असेल, तर मात्र दुर्बीणच सरस. फुगवटा आत जाईना, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर निवड करत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.