नाण्यांचा भाव सांगणारं ॲप: काही महिने वापरल्यावर, विशेषतः त्या दशांश चिन्हाबद्दल

वर्गणी परस्पर वाढवून पैसे कापले गेले, त्या रागात हे लिहायला घेतलंय, हे आधीच सांगते. महिन्याची योजना संपू द्यायची आणि वार्षिक घ्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. ॲपने माझ्या वतीने घेऊन टाकली. तक्रार अजून चालू आहे, त्यामुळे नाव देत नाही. फोटो काढा, नाणं ओळखा, भाव बघा, संग्रहाची यादी ठेवा, या धर्तीचं ॲप आहे. काय काय करतं ते जाहिरातीत सगळ्यांनी पाहिलेलं असेल, म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही.

मला ते लागलं वाटणीसाठी. वडिलांचा संग्रह आम्हा तिघा भावंडांत वाटायचा होता. त्यात इंग्रजी अमलातले रुपये, अमेरिकन डॉलर आणि सेंट, बाकी किरकोळ देशोदेशीचं. अशा वेळी लागतो तो रास्त बाजारभाव. म्हणजे विकणाऱ्याला निकड नाही, घेणाऱ्याला घाई नाही, दोघांनाही मालाची जाण आहे, अशा दोघांत जी रक्कम ठरेल ती. विम्यासाठीचा भाव याहून चढा असतो, कारण हरवलेलं नाणं दुकानातून पुन्हा घ्यायला काय लागेल ते तिथे धरतात. व्यापारी रोख हातावर ठेवतो तो भाव कमी असतो, कारण त्याला त्यातून कमवायचं असतं. एकाच नाण्याचे हे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. ॲप दाखवतं एकच, हिरव्या ठळक अक्षरात. वर दादाचा धोशा, "दिसतंय ना तिथे, मग लिही की."

आता ते दशांश चिन्ह. ॲपमधला प्रत्येक भाव दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत येतो. झिजून राजाचं नाक सपाट झालेल्या नाण्यालाही पैशापर्यंतची किंमत! ज्योतिषाने पोटातल्या बाळाची उंची मिलिमीटरमध्ये सांगावी तसं हे. खाली बारीक अक्षरात पल्ला दिलेला असतो, आणि त्याचं वरचं टोक खालच्या टोकाच्या कैक पट असतं. मग मधला आकडा इतका नेमका आला कुठून? मी विचारलं. उत्तर आलं की "आमची प्रणाली अनेक स्रोतांतून सरासरी काढते." कुठले स्रोत, कधीचे सौदे, काही नाही. धाकटी म्हणते, मी एका ठिपक्यासाठी कंपनीशी भांडतेय. भांडतेय. त्या ठिपक्यामुळेच दादाला तो आकडा खरा वाटतो. नुसतं "साधारण इतके ते इतके" लिहिलं असतं तर त्याने दोन प्रश्न तरी विचारले असते.

सरासरीची गोम पुढे कळली. लोकांनी मागितलेले भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचे भाव तिच्यात एकत्र कालवलेले होते. मागायला काय, कोणी काहीही मागेल. वर्षभर पडून राहिलेली, कोणीही न घेतलेली जाहिरातसुद्धा सरासरी वर ओढत राहते. उलट विकली गेलेली वस्तू त्या यादीतून निघून जाते. म्हणजे जितका अवास्तव भाव, तितका त्याचा मुक्काम लांब.

दुसरा घोळ प्रतीचा, म्हणजे नाणं किती झिजलंय किंवा किती जपलंय त्या दर्जाचा. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. आज जगभर तीच चालते. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. वरच्या पायऱ्यांवर एका अंकाचा फरकही महाग पडतो, ६४ आणि ६५ मध्ये किंमत दुप्पट झालेली दिसते. ॲप ही प्रत फोटोवरून ठरवतं. खिडकीपाशी काढलेल्या फोटोला एक प्रत, ट्यूबलाइटखाली त्याच नाण्याला दुसरी. इथवर मी हसून सोडलं असतं. पण संग्रहातला एक डॉलर कधीकाळी कोणीतरी घासूनपुसून लखलखीत केलेला होता. भिंगाखाली त्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा सरळ दिसतात. ॲपने त्याला सगळ्यात वरची प्रत दिली. चकाकतोय ना! पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या प्रमाणित करणाऱ्या संस्था अशा नाण्याला साधा अंक देत नाहीत, "साफ केलेलं" असा शेरा मारून देतात, आणि भाव तिथेच कोसळतो. म्हणजे जे नाणं वाटणीत सर्वात हलकं धरायला हवं, ते ॲपच्या यादीत सर्वात वर. दादाने नेमकं तेच मागितलं. मी गप्प बसले नाही, पण ते इथे नको.

टांकसाळीचं चिन्ह, म्हणजे नाणं कुठे पाडलं ते सांगणारं बारीक अक्षर, ॲपला ओळखता येत नाही, हेही सांगायला हवं. १९०९ चा लिंकन सेंट घ्या. मागच्या बाजूला खाली व्ही.डी.बी. ही शिल्पकाराची आद्याक्षरं असलेली फिलाडेल्फियाची नाणी सुमारे २ कोटी ८० लाख निघाली. सॅन फ्रान्सिस्कोची, म्हणजे पुढच्या बाजूला सालाखाली बारीक एस असलेली, फक्त ४ लाख ८४ हजार. सगळा खेळ त्या एका अक्षराचा, आणि म्हणूनच साध्या नाण्यावर एस चिकटवणारेही आहेत. ॲपने आमच्या साध्या सेंटला दोन्हींचा मिळून एकच पल्ला दाखवला. पंचम जॉर्जच्या रुपयाचंही तसंच. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बहुतेक नाणी परत वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. संग्राहकांत तो "पिग रुपया" म्हणून प्रसिद्ध आहे. ॲपमध्ये तो नंतरच्या रुपयांच्याच पानावर, त्याच पल्ल्यात.

आणि रोज सकाळी सूचना काय, तर १९३३ चा डबल ईगल, म्हणजे वीस डॉलरचं अमेरिकन सोन्याचं नाणं, २०२१ मध्ये जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलरला गेला, तुमच्या कपाटातही खजिना असू शकतो! असू शकत नाही. ती नाणी जवळजवळ सगळी वितळवली होती आणि खाजगी मालकीला कायदेशीर मुभा असलेलं ते एकच आहे. सूचना बंद करायचं बटण चौथ्या पडद्यावर सापडतं.

इथवर लिहून ठेवलं होतं, मध्ये ॲपची नवी आवृत्ती आली. आता "फक्त विकलेली" अशी गाळणी आहे. ती लावली आणि आमच्या बऱ्याच नाण्यांचे आकडे झपकन खाली आले. राग निम्मा गेला, खरं सांगते. प्रत्येक विक्रीची तारीख दिसते, काहींचा फोटोही. आपल्या नाण्याशी मिळतेजुळते चार-पाच ताजे सौदे निवडायचे, टोकाचे सोडायचे, हे आता निदान जमतं. तारीख महत्त्वाची, कारण साध्या सालाच्या चांदीच्या नाण्याला धातूच्या भावाचा तळ असतो. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. चांदी चढली तरी ॲपचा जुना भाव तिथेच बसून होता, वितळवूनही जास्त मिळतील इतका खाली.

गाळणीतही एक पाचर आहेच. लिलावातला काही सौदा हातोड्याचा, म्हणजे बोली थांबली त्या आकड्याचा, काही खरेदीदाराच्या अधिभारासकट, म्हणजे लिलावगृह घेणाऱ्याकडून वरून घेतं ती रक्कम धरून, आणि कुठला कोणता ते लिहिलेलं नाही. हातोडा १००० ला पडला आणि अधिभार २० टक्के असेल तर घेणारा १२०० देतो. विकणाऱ्याचं कमिशन १० टक्के धरलं तर त्याच्या हाती ९००. वाटणीत कुठला आकडा धरायचा यावर आमच्या घरात एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी तिघांनाही एकच नियम लावायचा आणि सगळीकडे अधिभारासकटचा धरायचा, असं ठरलं. ज्या सौद्यात कळत नव्हतं तो सोडून दिला.

एका गोष्टीला मात्र मनापासून दाद. प्रत्येक नाण्याच्या पानावर वजन, व्यास आणि कडेचं वर्णन आहे, आणि ते आकडे मी पडताळलेल्या ठिकाणी बरोबर निघाले. मॉर्गन डॉलर, म्हणजे जुना अमेरिकन चांदीचा डॉलर, २६.७३ ग्रॅमचा हवा. आमच्यातला एक छोट्या डिजिटल काट्यावर चांगलाच हलका भरला आणि लोहचुंबकाला चिकटला. चांदी चिकटत नाही. फोटोवरून याच ॲपने त्याला अस्सल म्हणून भाव दिला होता, दशांशासकट, आणि त्याच ॲपच्या वजनाच्या ओळीने तो उघडा पाडला. पण ही माहिती नुमिस्टा या नाण्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, हे कळल्यावर माझी दाद थोडी आखडली.

सेवेबद्दल. तक्रारीला पहिलं उत्तर यंत्राचं, दुसरं तेच यंत्राचं, तिसरं माणसाचं, पण मजकूर यंत्राचाच. पैसे परत मागितले तर पुढच्या वर्षी सवलत देऊ केली. मी त्यांना लिहिलं की सवलत दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत कळवा. त्यावर अजून उत्तर नाही.

घ्यावं का? पाच-दहा नाणी असतील तर अजिबात नाही. नुमिस्टावर प्रकार ओळखा, हेरिटेज या अमेरिकन लिलावगृहाच्या जुन्या लिलावांत फुकट नोंदणी करून विक्रीचे भाव बघा, महागडं वाटलं तर ते एकच नाणं प्रमाणित करून घ्या. सगळीच पाठवू नका, साध्या नाण्यांना प्रमाणपत्राचा खर्च नाण्याहून जड पडतो. मोठा ढीग असेल तर एका महिन्याची वर्गणी घ्या, सगळं त्यात उरका, आणि पैसे भरल्या दिवशीच नूतनीकरण बंद करा. बंद केलं तरी महिना पूर्ण वापरता येतं.

बाहेर पडण्याआधी यादी उतरवून घ्यायला विसरू नका. उतरवलेल्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत आणि आपण लिहिलेले शेरेही येत नाहीत. ते मी हाताने वेगळ्या वहीत उतरवतेय, अर्धे झालेत.