ओपनटून्झ: आठ महिने रोज वापरल्यावर

हाताने एकेक चित्र काढून अॅनिमेशन करायचं असेल आणि सॉफ्टवेअरवर पैसे घालायचे नसतील, तर ओपनटून्झचं नाव पहिल्या दोन-तीनात येतंच. खालचा अनुभव आठ महिन्यांच्या रोजच्या कामाचा आहे. आवृत्ती १.७, विंडोजचा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, चित्र काढायचा बिनस्क्रीनचा टॅबलेट. काम म्हणजे तालमीतल्या पैलवानांवरच्या पाच ते वीस सेकंदांच्या फिल्मा: शड्डू ठोकणं, जोर-बैठका, तांबड्या मातीतली झटापट.

पहिले तीन आठवडे जड जातात. खिडक्या भरपूर, मेनू लांबलचक आणि टाइमलाइन आडवी नसून उभी. ते पार केलं की रंगकामात याच्या जवळपास येणारं दुसरं फुकट सॉफ्टवेअर दिसत नाही. कोल्हापुरात पेन्सिलवर हात बसलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. त्यांच्यासाठी हे लिहायचं कारणही तेच, कारण याची सगळी रचना रेघेवर विश्वास ठेवून केलेली आहे. मूळ टून्झ इटलीचं. जपानच्या स्टुडिओ घिब्लीने ते आपल्या गरजेप्रमाणे बदलून वर्षानुवर्षं वापरलं, आणि मार्च २०१६ मध्ये ड्वांगो कंपनीने ते सगळ्यांना खुलं केलं. विकायच्या कामासाठीही परवान्याचा एक रुपया लागत नाही.

नवी लेव्हल, म्हणजे एक चित्रमाला, उघडताना तीन मुख्य प्रकार समोर येतात: टून्झ व्हेक्टर (रेघ गणिती वळण म्हणून साठते), टून्झ रास्टर आणि साधी रास्टर (या दोन्ही पिक्सेलच्या, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या). बहुतेक जण ओळखीची म्हणून साधी रास्टर घेतात आणि तिथेच चुकतात. टून्झ रास्टरमध्ये पिक्सेलमध्ये रंग साठवलेलाच नसतो. ३२ बिटांपैकी १२ बिट रेघेच्या रंगाचा क्रमांक सांगतात, १२ बिट आतल्या भरावाच्या रंगाचा क्रमांक, आणि उरलेले ८ बिट रेघ त्या जागी किती गडद ते. खरा रंग पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या क्रमवार यादीत, राहतो. बारा सेकंदांच्या फिल्मेत सेकंदाला २४ फ्रेम आणि दोन फ्रेमला एक चित्र या हिशेबाने १४४ चित्रं असतात. त्यातल्या पैलवानाची लांग तांबडीची भगवी करायची झाली, तर पॅलेटमध्ये एकच चौकोन बदलायचा, १४४ चित्रं त्याच क्षणी बदलतात. सकाळच्या आखाड्याचं पॅलेट वेगळं आणि रात्री दिव्याखालच्या कुस्तीचं वेगळं, असं एकाच चित्रमालेवर करता येतं. म्हणून अंगाला लागलेली माती, मातीची सावली, कातडीची सावली या सगळ्यांना पहिल्याच दिवशी वेगवेगळे क्रमांक द्या, रंग तूर्त सारखाच असला तरी चालेल. एकाच क्रमांकाने भरलेले दोन भाग नंतर वेगळे करायचे म्हणजे पुन्हा १४४ चित्रं उघडणं आलं.

याचा दुसरा फायदा डोळ्याला लगेच दिसतो. रेघेच्या कडेचे अर्धवट करडे पिक्सेल भरावाचा रंगही धरून ठेवतात. त्यामुळे रंग रेघेच्या खाली नीट शिरतो आणि कडेला पांढरी किनार उरत नाही.

रंग गळतो मात्र इथेही. शड्डूच्या चित्रांत हात वर गेला की काखेत, पाठीची रेघ दंडाला मिळते तिथे, तीन-चार पिक्सेलची फट हमखास राहते. रंग भरायची बादली (फिल टूल) टाकली की कातडीचा रंग पार्श्वभूमीभर पसरतो. भरण्याआधी व्ह्यू मेनूतला फटी दाखवणारा गॅप चेक लावून बघा. फट बुजवायला टेप टूल आहे, त्यात अंतर आणि कोन ठरवायचे. अंतर ५ पासून सुरू करून गरजेपुरतंच वाढवा. २० च्या वर नेलं की ते बोटांमधल्या जागा, कानाची पाळी, मिशीचे केससुद्धा जोडून टाकतं, आणि पंजा बॉक्सिंगच्या ग्लोव्ह्जसारखा दिसायला लागतो. बादलीला फ्रेम रेंज आहे: पहिल्या चित्रावर चौकट ओढायची, शेवटच्या चित्रावर ओढायची, मधली चित्रं ते स्वतः भरतं. सोबत सिलेक्टिव्ह चालू ठेवलं की आधी भरलेल्या भागांना धक्का लागत नाही. धड स्थिर आणि हात हळू, अशा पाच-सहा चित्रांत हे झकास चालतं. फटका बसतो त्या दोन चित्रांत हात एकदम लांब जातो, तिथे हातानेच भरा.

वेळेची मांडणी एक्सशीटवर होते. स्तंभ म्हणजे लेव्हल, ओळ म्हणजे फ्रेम, अगदी जुन्या कागदी तक्त्यासारखं. एका शड्डूचा चांगला बसलेला हिशेब असा: हात वर जाताना ५ चित्रं, प्रत्येकी २ फ्रेम. पाचवं चित्र आणखी ६ फ्रेम धरून ठेवायचं, तो दम दिसलाच पाहिजे. खाली येताना २ चित्रं, एकेक फ्रेम. मांडीवर पंजा पडल्याचं १ चित्र २ फ्रेम, आणि मांडीचं हादरणं २ चित्रं, प्रत्येकी २ फ्रेम. झाल्या २४ फ्रेम, म्हणजे एक सेकंद, १० चित्रांत. सेल्स मेनूतल्या रीफ्रेममध्ये 'टूज' दिलं की चित्रं दोन-दोन फ्रेमची होतात. पण ते अख्ख्या स्तंभाला लावू नका. खाली येणारी एकेक फ्रेमची चित्रंही ताणली जातात, आणि शड्डू ठोकल्याऐवजी मांडी चोळल्यासारखी दिसते. हवे तेवढेच सेल निवडून द्या. आवाज डब्ल्यूएव्ही स्वरूपात आणा. स्तंभात त्याच्या लाटा दिसतात. लाटेचं टोक जिथे असेल त्याच्या एक फ्रेम आधी पंजा मांडीला लागला, तर फटका खणखणीत वाटतो.

ओनियन स्किनमध्ये (चालू चित्रासोबत आजूबाजूची चित्रं अंधूक दिसण्याची सोय) मागची चित्रं लालसर आणि पुढची हिरवट दिसतात. बाकीच्यांसारखंच. याहून उपयोगी आहे ते शिफ्ट अँड ट्रेस. मागचं आणि पुढचं चित्र सरकवून, फिरवून एकावर एक आणता येतं आणि मग मधलं चित्र काढता येतं. लाइटबॉक्सवर (खालून दिवा असलेल्या काचेवर) पेगमधून, म्हणजे कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांमधून, कागद काढून सरकवायची जी जुनी पद्धत, तीच ही. सरकतात ती फक्त संदर्भाची चित्रं, तुमचं चित्र जागेवरच राहतं. पंजाचा आकार तीन चित्रांत तीन मापांचा होण्याचं दुखणं यानेच गेलं.

ब्रशचं स्मूथ, म्हणजे रेघ गुळगुळीत करण्याचं प्रमाण, खांद्या-पाठीच्या लांब वळणांना १० ते १५ पुरेसं आहे. ३० च्या पुढे रेघ पेनच्या मागे रेंगाळते. मिशी-भुवयांना जवळजवळ शून्यावर आणा. पेनचा दाब लागत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये टॅबलेटच्या भागात विंडोज इंकचा पर्याय उलटा करून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्यावर सुटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सेव्ह करणं. सीनची टीएनझेड फाईल चित्रं साठवत नाही. तिच्यात फक्त मांडणी असते. चित्रं टीएलव्ही फाईलमध्ये, रंग त्याच नावाच्या टीपीएल फाईलमध्ये. नुसतं 'सेव्ह सीन' करून उठलात तर दिवसभराची चित्रं जाऊ शकतात, म्हणून सवय 'सेव्ह ऑल'चीच लावा. प्रेफरन्सेसमध्ये आपोआप सेव्हची वेळ १० मिनिटं ठेवा आणि सीनसोबत बाकीच्या फाईल्स सेव्ह करण्याची खूणही करा. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी वळीव सुरू झाला की वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे डेस्कटॉपला यूपीएस हवाच. फोल्डरची आणि फाईलची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी नावांची जोखीम घेऊ नका.

रंकाळ्याची संध्याकाळ, तालमीच्या भिंती असली रंगवलेली पार्श्वभूमी क्रिटा या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्येच करा, ब्रश तिथले कितीतरी सरस आहेत. ती इकडे आणताना डीपीआयचा (एका इंचात किती पिक्सेल त्याचा) घोळ होतो. इथल्या कॅमेऱ्याची नेहमीची चौकट १९२० बाय १०८०, १२० डीपीआय. ३०० डीपीआयवर रंगवलेलं त्याच मापाचं चित्र आणलं की चौकटीच्या जेमतेम ४० टक्के रुंदीचं दिसतं. लोक मग ते ओढून मोठं करतात. तसं करू नका. लेव्हल सेटिंग्जमध्ये 'यूज कॅमेरा डीपीआय' दाबा, बरोबर बसतं.

कागदावर काढून स्कॅन करणाऱ्यांसाठी क्लीनअप आहे. पेगची छिद्रं ओळखून ते कागद सरळ लावतं, ठिपके काढतं आणि रेघ टून्झ रास्टरमध्ये आणतं. स्कॅनरवरून आणलेली चित्रं छान निघतात. मोबाइलने काढलेल्या फोटोंवर एका बाजूला सावली असते, तिथे अर्धी रेघ गायब होते आणि कोपरा काळा पडतो. पात्र हलवायचे हाडांचे सांगाडे, कणांचे इफेक्ट हेही आहेत. हातकामात त्यांची गरज क्वचितच पडली.

८ जीबी रॅममध्ये काम होतं, पण हिशेब ठेवून. १९२० बाय १०८० चं एक चित्र पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर सुमारे ८.३ एमबी होतं, म्हणजे १२० चित्रांची एक लेव्हल एक जीबीच्या आसपास. चार पैलवान एकाच सीनमध्ये घेण्यापेक्षा शॉटप्रमाणे सीन पाडा.

शेवटची फिल्म थेट एमपी४ मध्ये काढता येते, त्यासाठी व्हिडिओ तयार करणारं एफएफएमपेग लागतं. लांब शॉट मात्र आधी पीएनजीच्या मालिकेत काढा. रेंडर, म्हणजे फ्रेम तयार करून बाहेर काढणं, मध्येच थांबलं तर आउटपुट सेटिंग्जमध्ये पुढची फ्रेम सुरुवातीची म्हणून द्यायची, झालेलं काम तसंच राहतं. आणि दुसऱ्याला काम पाठवताना प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर पाठवा. टीपीएल फाईल मागे राहिली तर समोरच्याला चित्रं मिळतात, पण पैलवानाचे रंग मिळत नाहीत.