सोने नीट सांभाळले, पण सोडवताना अडवले: एका सोनेतारण सेवेबद्दल

भावाच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीने पैसे उभे करायचे होते, म्हणून मी एका वित्तकंपनीच्या शाखेत आईच्या पाटल्या आणि एक मोहनमाळ तारण ठेवून बारा महिन्यांच्या मुदतीचे कर्ज घेतले. ते कर्ज आता फिटले आहे आणि दागिने घरी आले आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार अखेर त्याच शाखेने मिटवली. मात्र सोनेतारणाची सेवा लोक बहुधा व्याजाच्या दरावरून आणि ग्रॅममागे मिळणाऱ्या रकमेवरून जोखतात. माझ्या मते ती जोखायची खरी जागा वेगळी आहे: कर्ज फेडल्यावर वस्तू कशी परत मिळते, हे पाहावे.

सुरुवात उत्तम झाली. दागिन्यांचे वजन माझ्यासमोर झाले, मोहनमाळेतील खड्यांचे व लाखेचे वजन वजा करून निव्वळ वजन वेगळे दाखवले गेले, आणि तारणपावतीवर प्रत्येक नगाचे वर्णन, कस व वजन लिहून दिले गेले. पाकीट मोहरबंद करताना त्यावर माझी सही घेतली. ही पावती म्हणजे केवळ पोच नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७२ नुसार तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी जंगम वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणे. ताबा त्याच्याकडे जातो, मालकी आपलीच राहते. म्हणूनच कलम १५१ प्रमाणे, सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी त्या वस्तूची घेणे धनकोवर, म्हणजे कर्ज देणाऱ्यावर, बंधनकारक असते. पावतीवर नगांचे नेमके वर्णन नसेल, तर आपली कोणती वस्तू कोणत्या स्थितीत त्यांच्याकडे गेली हे पुढे सिद्ध करणेच अवघड होते. या बाबतीत शाखेला मी पूर्ण गुण देतो.

मुदत संपली तेव्हा माझ्याकडे पूर्ण रक्कम नव्हती. तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने लिलावाची नोटीस आली. ती वाचून रात्रभर झोप लागली नाही, तरी नोटीस म्हणून ती निर्दोष होती, हे मान्य केले पाहिजे. देय रक्कम, त्यातील व्याजाचा हिशेब, लिलावाची तारीख आणि ठिकाण सारे त्यात स्पष्ट होते. कलम १७६ धनकोला दोन मार्ग देते: दावा लावून तारण हमी म्हणून स्वतःकडे ठेवणे, किंवा वाजवी नोटीस देऊन ते विकणे. विक्रीत कमी पैसे आले तर उरलेले कर्ज आपल्याच अंगावर राहते, आणि जास्त आले तर ती वरची रक्कम धनकोने आपल्याला परत द्यायची असते. माझ्यासाठी सर्वांत मोलाचे ठरले ते कलम १७७. मुदत उलटून गेली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्ज आणि थकबाकीमुळे झालेला खर्च भरून वस्तू सोडवण्याचा हक्क ते कर्जदाराला देते. ‘मुदत गेली, म्हणजे सोने गेले’ असे समजून अनेक कुटुंबे शाखेची पायरीही चढत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. मी उसनवारी करून लिलावाच्या चार दिवस आधी सगळी रक्कम भरली.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. पैसे जमा झाल्याची पावती हातात पडली, पण पाकीट मिळाले नाही. एका सहकाऱ्याने याच कंपनीतून घेतलेल्या वैयक्तिक कर्जाला मी जामीन होतो आणि ते कर्ज थकले होते. ते नियमित होईपर्यंत दागिने सोडता येणार नाहीत, असे व्यवस्थापकांनी सांगितले. त्यांचा सूर उर्मट नव्हता, आणि आपण नियमानेच वागतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत दिसली. कलम १७४ मात्र नेमके याच्या उलट सांगते: तसा करार नसेल, तर ज्या कर्जासाठी वस्तू तारण ठेवली त्याव्यतिरिक्त दुसऱ्या कर्जासाठी ती अडवून ठेवता येत नाही. त्याच धनकोने नंतर दिलेल्या रकमांसाठी मात्र असा करार असल्याचे गृहीत धरले जाते. माझी जामीनकी सोनेतारणाच्या आधीची होती आणि माझ्या करारपत्रात इतर देण्यांचा उल्लेखही नव्हता. येथे एक फरक लक्षात ठेवावा: बँकांना कलम १७१ खाली खात्याच्या एकूण बाकीसाठी ग्राहकाचा माल रोखून धरण्याचा व्यापक धारणाधिकार आहे, त्यामुळे बँकेशी असाच वाद झाला तर उत्तर इतके सरळ असेलच असे नाही. जामीनदार म्हणून माझी जबाबदारी मी कधी नाकारली नाही. ती वसूल करण्याचा रस्ता वेगळा आहे, एवढेच माझे म्हणणे होते. लेखी अर्जात कलमाचा हवाला देऊन पोच घेतली, आणि अठरा दिवसांनी दागिने मिळाले. पाकिटावरची मोहर शाबूत होती, वजन पावतीशी तंतोतंत जुळले.

त्या अठरा दिवसांची भरपाई मला मिळाली नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारणासाठी जे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले, त्यांनुसार पूर्ण परतफेडीनंतर तारण त्याच दिवशी किंवा जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत करायचे आहे, आणि धनकोमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये द्यायचे आहेत. घरकर्जाच्या कागदपत्रांबाबत असाच नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तेथे मुदत ३० दिवसांची आहे. स्थावराच्या गहाणात तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ६० गहाण सोडवण्याचा हक्क देते, आणि तो हक्क हिरावणारी अट गहाणखतात घातली तरी न्यायालये ती मानत नाहीत. जंगमाच्या तारणात मात्र कलम १७४ च्या सुरुवातीचे ‘तसा करार नसेल तर’ हे शब्द सारे काही करारपत्रावर सोपवतात.

म्हणूनच गेल्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी त्याच शाखेत गेलो तेव्हा मी सोनेतारणाचा नवा अर्ज मागून वाचला. त्यात आता अकरावी अट जोडली आहे: कर्जदाराच्या, जामीनदार म्हणून असलेल्या देण्यांसह, कोणत्याही देण्यासाठी तारण रोखून ठेवता येईल. ही अट खोडून कर्ज मिळेल का, असे विचारले, तेव्हा मुख्य कार्यालयाला विचारावे लागेल असे उत्तर मिळाले. मोजमाप, साठवण आणि नोटीस यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार तारे दिले असते. ही अट असेपर्यंत दोनच देतो, आणि मुख्य कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहतो आहे.