मोबाइल जाहिरातींची एक सेवा : सहा महिने वापरल्यानंतर

हाताने बांधलेल्या वह्यांच्या माझ्या छोट्या व्यवसायासाठी मी मोबाइल जाहिरातींची एक सेवा सहा महिने वापरली. जाहिरात तयार करणे, ती निरनिराळ्या ॲप्समध्ये दाखवणे, जुन्या ग्राहकांना एसएमएस पाठवणे आणि दर आठवड्याला अहवाल देणे, अशी कामे ही सेवा करते. संकेतस्थळांच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या कंपनीच्या मोजणीनुसार ऑक्टोबर 2016 मध्येच मोबाइल आणि टॅब्लेटवरून होणारा इंटरनेटचा वापर जगभरात संगणकावरील वापराच्या पुढे गेला होता. माझे संकेतस्थळ मात्र अगदी परवापर्यंत संगणकाच्या पडद्यापुरतेच बेतलेले होते, त्यामुळे मला मदतीची गरज होती हे आधीच मान्य करते.

सेवेचे सर्वांत चांगले काम जाहिरात सुरू होण्यापूर्वी झाले. त्यांच्या तंत्रज्ञाने एका जुन्या, कमी ताकदीच्या फोनवर माझे पान उघडून मला दाखवले. वहीचे छायाचित्र वरून खाली रेघारेघांनी उतरत होते, मागणी नोंदवण्याचे बटण कुकीजची परवानगी मागणाऱ्या पट्टीखाली दडले होते आणि फोन क्रमांकाच्या चौकटीत बोट ठेवले की अंकांऐवजी अक्षरांचा कीबोर्ड वर येत होता. आठवडाभरात त्यांनी हे सारे दुरुस्त केले. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा निकष समोर ठेवून छायाचित्रे हलकी केली आणि पत्त्याच्या पाच चौकटींची एकच चौकट केली. गूगलने एप्रिल 2015 पासून मोबाइलवरील शोधात मोबाइलला अनुकूल पानांना झुकते माप दिले, हे ऐकून माहीत होते. पण आपलेच पान कसे अडखळते हे डोळ्यांनी पाहणे निराळे. जाहिरात न देता त्यांनी एवढेच काम विकले असते, तरी मी ते घेतले असते.

जाहिरातींबाबत असे म्हणता येत नाही. 320 बाय 50 पिक्सेलची पट्टी प्रामुख्याने खेळांच्या ॲप्समध्ये दिसत होती आणि अहवालात क्लिकचा आकडा भरघोस होता, परंतु आलेली बहुतेक माणसे पान पुरते उघडण्याआधीच परत जात होती. शेवटी त्यांतला एक खेळ मी स्वतःच खेळून पाहिला. पट्टी ‘पुढे’ या बटणाला इतकी खेटून होती की माझा अंगठा दोनदा माझ्याच जाहिरातीवर पडला, आणि त्याचे पैसेही बहुधा मीच भरले. खेळांची ॲप्स वगळा, हे मला दोनदा लेखी कळवावे लागले. ‘पाहिलेल्या’ जाहिरातींचा रकानाही असाच उदार आहे. पट्टीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला की ती दिसण्याजोगी ठरते, हा या क्षेत्रातील प्रचलित निकष आहे. पण तेवढ्या वेळात अंगठ्याने पडदा केव्हाच पुढे सरकवलेला असतो.

एसएमएसच्या बाबतीत चूक माझी होती, तरी पूर्वसूचना त्यांनी द्यायला हवी होती. रोमन लिपीतील एका संदेशात 160 अक्षरे मावतात, देवनागरीत मात्र 70, आणि त्याहून लांब संदेशाचे 67 अक्षरांचे तुकडे होतात. शिवाय काना, मात्रा आणि हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जातात. ‘स्वागत’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसला, तरी हिशेबात त्याची सहा होतात. माझ्या चार ओळींच्या संदेशाचे तीन संदेशांचे बिल आल्यावर मी मजकूर छाटायला शिकले. तो छाटलेला मजकूर अधिक चांगला वठला, हेही खरे.

माझा खरा आक्षेप अहवालावर आहे. आयफोनच्या कार्यप्रणालीच्या एप्रिल 2021 मध्ये आलेल्या आयओएस 14.5 या आवृत्तीपासून ॲपला इतर ॲप्स व संकेतस्थळांवर वापरकर्त्याचा माग ठेवण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती न मिळाल्यास कोणत्या जाहिरातीमुळे कोणती मागणी आली हे नेमके जुळवता येत नाही. ही मर्यादा सेवेची नव्हे. परंतु ती पोकळी अंदाजाने भरताना अंदाजाचे आणि प्रत्यक्षातले आकडे एकाच रकान्यात मांडणे मला पटत नाही. मी प्रत्येक जाहिरातीला वेगळा सवलत-संकेत देऊन मागण्या वहीत टिपू लागले, तेव्हा अहवालातली बेरीज आठवड्यामागून आठवडा माझ्या वहीपेक्षा जास्त भरली. संकेत न वापरणारे काही ग्राहक धरले, तरी एवढी तफावत सुटत नव्हती.

पानाची देखभाल आणि एसएमएस मी चालू ठेवले आहेत, पट्टीच्या जाहिराती बंद केल्या आहेत. अहवालात दोन वेगळे रकाने करण्याचे आश्वासन मिळाले आहे. ते दिसेपर्यंत वार्षिक करार न करता महिन्यामहिन्याचेच पैसे भरते आहे.