सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय की अबार्थ पुन्टो? आणि रीमॅपचे पैसे आधी कुठे घालावेत

दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यातल्याच. एक चाकणची, दुसरी रांजणगावची. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, फियाटची अबार्थ पुन्टो २०१५ च्या ऑक्टोबरात. नवीन आता दोन्ही मिळत नाहीत. तरी कमी पैशांत जोरदार पेट्रोल हॅचबॅक शोधणारे बरेच जण फिरून फिरून याच दोघींपाशी येतात आणि अडतात.

कागदावर अबार्थ सरळ जिंकते. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ पीएस ताकद, २१२ एनएम टॉर्क (ओढ), पाच गिअरचं मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. जीटीचं १.२ लिटर इंजिन १०५ पीएस आणि १७५ एनएम देतं, जोडीला सात गिअरचं डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), मागे साधे ड्रम. एवढा फरक असूनही शून्य ते शंभरचे कंपन्यांनी सांगितलेले आकडे ८.८ आणि ९.७ सेकंद आहेत. जीटी दीड हजार आरपीएमलाच ओढायला लागते आणि गिअर कधी पडला ते कळतही नाही. अबार्थ दोन हजारांखाली सुस्त असते. टर्बो भरला की मात्र पुढची चाकं डांबर खरवडतात आणि स्टिअरिंग हातात वळवळतं. ताम्हिणीत सकाळी सहाला कोणती हवी, असं विचाराल तर मी अबार्थ म्हणेन. पण रोज ऑफिसला जायचं असेल, तर प्रश्न आधी गिअरबॉक्सचा येतो.

जीटीमधला डीएसजी हा डीक्यू२०० जातीचा. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते सतत अर्धवट घासत राहतात आणि तापतात. शिवाय गिअर बदलण्याचं काम करणारं मेकॅट्रॉनिक युनिट बिघडलं, तर बिल साध्या क्लच प्लेटच्या कितीतरी पट येतं. २०१३ च्या शेवटी फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांसाठी याच गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायची मोहीम काढली होती, कारण उष्ण-दमट हवेत त्या तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता. म्हणून सुरुवातीच्या काळातली जीटी घेताना चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमध्ये रीकॉलची नोंद विचारून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका, मालक नेमकी तीच वेळ सुचवतो. संध्याकाळी सहानंतर हिंजवडी किंवा वाकडच्या गर्दीत न्या. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने रांगू द्या, दुसऱ्यातून पहिल्यात येताना सीटखाली थरथर जाणवते का बघा. मग चढावर ब्रेक सोडून हलकेच उचला. रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून झटका देते का? डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकतात का? यातलं काहीही दिसलं तर गाडी कितीही चकचकीत असली तरी व्हीसीडीएस (फोक्सवॅगनच्या गाड्यांमधला बिघाड वाचणारं सॉफ्टवेअर) लावून कोड वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

अबार्थच्या गिअरबॉक्समध्ये असली भानगड नाही. तिथली डोकेदुखी पार्ट्सची. फियाटचा इथला संसार २०१९ च्या सुमारास आटोपला. इंजिनाचे बरेचसे पार्ट्स फियाटच्याच लिनिया टी-जेटशी जुळतात, सस्पेन्शनचे साध्या पुन्टोशी, त्यामुळे बुश, लिंक रॉड, शॉकअप, ब्रेक पॅड मिळतात. अडतं ते खास अबार्थच्या बंपर, साइड स्कर्ट, अलॉय व्हील अशा वस्तूंवर. पुढून ठोकली तर गाडी गॅरेजमध्ये महिनाभर पडून राहू शकते, हे धरून चाला. म्हणून फियाट जाणणारा मेकॅनिक आधी शोधा, गाडी मग. पोलोचे पार्ट्स तिच्या बहिणी फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडच्या कृपेने सहज मिळतात, स्वस्त मात्र नाहीत.

टी-जेट घेताना टायमिंग बेल्टचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून टेन्शनर आणि वॉटर पंपासकट बदलून टाका. मीटरवर किलोमीटर कमी दिसले तरी रबर वयाने सुकतं. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप हाताने चाचपा. जोडाशी तेलाचा ओला थर लागला तर तिथून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) गळतोय किंवा टर्बो तेल टाकतोय. जीटीच्या इंजिनाचा एक वेगळा स्वभाव आहे: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. टी-जेटमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच पडतं, तिथे हा त्रास जवळपास नाही.

आता मॉडिफिकेशन. गाडी घरी आल्याच्या आठवड्यात रीमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, करून आणणारे लोक मी पाहिलेत आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे टायर सात-आठ वर्षांचे असतात. हा क्रम उलटा आहे. आधी इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, फिल्टर, इंजिन माउंट. मग टायर. जुन्या जीटीचे १८५/६० आर१५ टायर नुसत्या चांगल्या कंपनीचे बसवले तरी गाडी वेगळी वाटते. अबार्थला तर ईएसपीच (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही, म्हणजे ओल्या घाटात चुकलं तर सावरायला फक्त टायर आणि तुम्ही. पावसाळ्याआधी तिथे काटकसर नको. जीटीला ईएसपी आहे, आणि घरातली इतर मंडळीही गाडी चालवणार असतील तर माझ्या लेखी हा मुद्दा चाळीस हॉर्सपॉवरपेक्षा मोठा.

रीमॅप करायचाच असेल तर अबार्थ जास्त पचवते. ट्यूनर मंडळी १७० पीएसच्या आसपासचे आकडे सांगतात, फार तर क्लच घसरायला लागेल, आणि क्लच बदलता येतो. डीक्यू२०० ची मर्यादा २५० एनएम आहे. जीटीचा रीमॅप त्या मर्यादेच्या बराच जवळ जातो आणि तोही आधीच झिजलेल्या क्लचवर. जीटी घेणार असाल तर इंजिन आहे तसं ठेवा असं मी स्पष्ट सांगेन. आणि रीमॅपनंतर बऱ्याचदा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. कोकणात उतरल्यावर ते प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही. लोअरिंग स्प्रिंगबद्दल तर बोलायलाच नको. अबार्थ मुळातच खाली बसलेली आहे, आपल्याकडच्या गतिरोधकांवर ती कंपनीच्या स्प्रिंगवरही खालून लागते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप टाकला की पीयूसीला अडचण, वर आवाजामुळे नाक्यावर गाडी बाजूला. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी बाहेर आला तर तो वाद वेगळाच. एवढं करून एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरची, घाटात साठची, आणि डोक्यावर कॅमेरे.

तिसरा एक पर्याय लोक विसरतात. २०२० नंतरची १.० टीएसआय पोलो, सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. ११० पीएस, १७५ एनएम, आणि डीक्यू२०० ची धास्ती नाही. तीन सिलिंडरची थोडी थरथर सोडली तर एकच गाडी ठेवणाऱ्याने आधी हीच बघावी. घरात दुसरी गाडी असेल आणि फियाटचा मेकॅनिक हाताशी असेल तर अबार्थ. ऑटोमॅटिकच हवं आणि रस्ता बराचसा मोकळा असेल तरच जुनी जीटी.

जाहिरातीत ‘स्टेज १ (म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप) केलेली, फुल लोडेड’ असं लिहिलेली गाडी दिसली तर मालकाला दोन गोष्टी विचारा: मूळ सॉफ्टवेअरची फाइल आहे का, आणि काढलेले कंपनीचे पार्ट्स घरी ठेवलेत का. दोन्हीला ‘नाही’ असेल तर मॉडिफिकेशनचा एक रुपयाही भावात धरू नका, उलट गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणायचा खर्च त्यातून वजा करूनच बोली लावा.