दुधाची कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणी: साडेतीनशे रुपयांत चांदी शेळीची कास वाचली

संगमनेर तालुक्यात माझ्या अकरा संगमनेरी शेळ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पांढरी व्यायली आणि त्याच आठवड्यात तिला दगडी, म्हणजे कासेचा दाह झाला. डावी बाजू टणक, हात लावू देईना. मेडिकलमधून नेहमीचं पेनिसिलिनचं इंजेक्शन आणलं, दोन दिवस टोचलं, सूज उतरली म्हणून थांबले. आठ दिवसांनी सूज परत आली. पुन्हा तेच इंजेक्शन, पुन्हा तेच. शेवटी तो सड कायमचा बाद झाला आणि दोन करडं एका सडावर वाढवावी लागली. ते दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून यंदा चांदी या दुसऱ्या शेळीच्या दुधात गुठळ्या दिसल्या तेव्हा सरळ डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, औषध ठरवायच्या आधी नमुना पाठवू." नगरच्या एका खासगी लॅबमध्ये पाठवला, फी साडेतीनशे. हा रिव्ह्यू त्या तपासणीचा: दुधातले जंतू लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघतात.

पहिला नमुना फुकट गेला. औषधाची रिकामी बाटली उकळून मी त्यात दूध काढलं होतं. लॅबने कळवलं, भलतेच जंतू मिसळलेत, दुसरा पाठवा. नमुना कसा घ्यायचा ते लॅबने आधीच नीट सांगायला हवं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्वतः करून दाखवलं: सड धुऊन कोरडा केला, टोकाला स्पिरिटचा बोळा फिरवला, पहिल्या दोन-तीन धारा बाजूला सोडल्या, मग लॅबच्या निर्जंतुक बाटलीत थोडंसं दूध. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी एसटीने रवाना.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, सोबत व्हॉट्सॲपवर बशीचा फोटो. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. काचेच्या गोल बशीत जंतूंचा पिवळट थर आणि त्यावर कपाळावरच्या टिकलीएवढ्या कागदी चकत्या, प्रत्येकीत एकेक औषध. काही चकत्यांभोवती स्वच्छ कडं पडलेलं, तिथे जंतू वाढलेच नव्हते. पेनिसिलिनच्या चकतीला मात्र ते अगदी खेटून वाढले होते. टेट्रासायक्लिनचंही तेच. पांढरीच्या वेळी मी दोनदा काय टोचत होते ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

जंतू निघाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस. डॉक्टरांनी समजावलं की यातले काही जंतू एक एन्झाइम तयार करतात आणि ते पेनिसिलिन मोडून टाकतं. म्हणून अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिनच्याच जातीच्या औषधासोबत सल्बॅक्टम दिलं. सल्बॅक्टम त्या एन्झाइमला अडवतं. बशीत या जोडीच्या चकतीभोवती चांगलं रुंद कडं होतं. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी सूज आणि दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं होतं, आणि मी दिवसातून चार वेळा कास पिळून रिकामी करत होते. ते दूध खड्ड्यात. गोठ्यात जमिनीवर अजिबात पिळू नका, बाकीच्या शेळ्या तिथेच बसतात.

सूज तिसऱ्या दिवशी उतरली, तरी या वेळी कोर्स पूर्ण केला. औषध संपल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस दूध घरात किंवा डेअरीला दिलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना पाठवला, जंतू वाढले नाहीत.

तक्रारी दोन. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, औषधांपुढे नुसतं 'आर' (औषध चालत नाही) आणि 'एस' (औषध चालतं). आमच्यासारख्यांनी त्यातून काय समजायचं? मराठीत दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? आणि रविवारी लॅब बंद. काळी पडून थंड लागणारी कास चार दिवस थांबत नाही, तिथे रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर लगेच औषध सुरू करतात. पण नमुना तेव्हाही आधी काढून ठेवायला सांगा, औषध टोचल्यावर काढला तर जंतू बशीत वाढतीलच असं नाही.

पाचपैकी चार तारे. लॅबकडून दोन निर्जंतुक बाटल्या मागून घेतल्यात, त्या गोठ्याच्या फळीवर पिशवीत बांधून ठेवल्यात. पुढच्या महिन्यात तीन शेळ्या विणार आहेत.