धावपट्टीच्या मार्किंगवर स्वतंत्र तपासणीस: एक उन्हाळा, एक पावसाळा उलटल्यावर

आधी निकाल सांगतो: धावपट्टीच्या रंगकामावर स्वतंत्र तपासणीस नेमल्याचे पैसे वसूल. पण जाडजूड अहवालामुळे नव्हे. रंग ओला असताना तो माणूस थराची जाडी मोजायचा गेज घेऊन पट्ट्याशेजारी उकिडवा बसला होता, म्हणून.

३० मीटर रुंद धावपट्टीच्या थ्रेशोल्डला, म्हणजे जिथून उतरण्याचा भाग सुरू होतो त्या टोकाला, आठ पट्टे येतात, प्रत्येकी ३० मीटर लांब, १.८ मीटर रुंद. म्हणजे एका टोकाला ४३२ चौरस मीटर. ओला थर ४०० मायक्रॉनचा (०.४ मिलिमीटर) ठरला असेल तर १७३ लिटर रंग लागतो, २० लिटरचे जवळपास नऊ डबे. तेच काम साडेपाच डब्यांत उरकलं, तर थर जेमतेम २५० मायक्रॉनचा. त्या दिवशी दोन्ही सारखेच पांढरेशुभ्र दिसतात! म्हणून रिकामे डबे मोजायचे. शिवाय मशीनच्या वाटेत पत्र्याचा तुकडा ठेवून, काचेच्या मण्यांची (ओल्या रंगावर टाकतात, दिव्याचा उजेड परतवतात) गन बंद करून, दातेरी गेज लगेच टेकवायचा. दुसऱ्या दिवशी येणारा तपासणीस यातलं काहीच पाहू शकत नाही.

आखणीत एक चूक हमखास होते. मधल्या दोन पट्ट्यांतलं अंतर दुप्पट, म्हणजे ३.६ मीटर असतं. कामगार सवयीने तिथेही १.८ धरतात. मापं नेहमी मध्यरेषेपासून घ्यावीत: पट्ट्यांच्या आतल्या कडा १.८, ५.४, ९.० आणि १२.६ मीटरवर. पट्ट्यावरून पट्टा मोजत गेलं की चूक साचत जाते. रंगाआधी दोरी आणि खडूच्या खुणांवरच सही घ्यावी, कारण नंतर खोडायला वॉटर जेट लागतं. काळा रंग फासून जुनी रेघ झाकणं तर नकोच. पाऊस पडला की तो काळा पट्टा चमकतो आणि वैमानिकाला खोटी रेघ दिसते.

सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी डांबर इतकं तापतं की पाण्यावरच्या रंगावर लगेच साय धरते. मग मणी आत रुतत नाहीत, झाडू मारला की निघून येतात. मणी साधारण निम्मा, फार तर ६० टक्के बुडालेला हवा. भिंगातून पाहिलं की कळतं. त्यामुळे काम रात्री किंवा पहाटे. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं, आणि वळवाचं आभाळ असेल तर त्या दिवशी मशीन काढूच नये. काळ्या मातीची धूळ नुसत्या झाडूने जात नाही. ब्लोअर हवाच, नाहीतर रंग डांबराला न चिकटता धुळीला चिकटतो आणि पोपडे सुटतात.

पावसाळ्यानंतर टचडाउनच्या, म्हणजे विमानाची चाकं टेकतात तिथल्या, पट्ट्यांवर टायरचं रबर बसून ते काळवंडले. इथे हस्तांतराच्या दिवशी रेट्रोरिफ्लेक्टोमीटरने (रंग किती उजेड परतवतो ते मोजणाऱ्या यंत्राने) घेतलेली रीडिंग कामी आली. रबर काढून त्याच जागी पुन्हा मोजता आलं, त्यामुळे रंग खराब की फक्त मळलेला, यावर वाद झाला नाही.

तक्रारी आहेतच. प्रत्येक टप्प्यावर थांबून सही घ्यायची म्हणजे रात्रीच्या मोजक्या बंद तासांतला वेळ जातो. अहवालात फोटोंची खोगीरभरती. कोणता फोटो कुठल्या पट्ट्याचा, हे लिहिलेलंच नाही.

नेमताना करारात हे घालून घ्या: फवारणीच्या वेळी हजेरी सक्तीची, गेज आणि मीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र चालू मुदतीचं, आणि रीडिंग पट्ट्याच्या क्रमांकानुसार. शिवाय तपासणीसाचं बिल ठेकेदारामार्फत नको, मालकाकडून थेट.